तुमच्या विषयात बायका कुठे दिसतात? (लिंगभावाचा अभ्यास: वेगळा तास की सगळ्यांच्या तासात?)

काठावरची
नमस्कार मंडळी. मी संख्याशास्त्र शिकवते. पुढच्या सत्रापासून आमच्याकडे सगळ्या शाखांच्या मुलामुलींसाठी 'स्त्रिया आणि लिंगभाव' हा बारा तासांचा ऐच्छिक विषय सुरू होतोय. त्याची आखणी मी हौसेने अंगावर घेतली आहे.

समाजशास्त्र आणि साहित्यवाल्यांनी लगेच होकार दिला. बाकीच्या विभागांत फिरले, तर जिथे तिथे एकच उत्तर: "आमच्या विषयात त्याचं काय?" एका सहकाऱ्यांनी सुचवलं, की प्रत्येक शास्त्रातल्या एकेका थोर स्त्रीची ओळख करून द्या. बारा तास, बारा बायका. त्या माहीत असायलाच हव्यात, पण तेवढ्याने विषय जिथल्या तिथे राहतो, भिंतीवर एक तसबीर वाढते इतकंच.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या विषयात अशी एखादी जागा सांगा, जिथे बायकांकडे नीट पाहिलं आणि विषयाचीच घडी बदलली. व्याख्या, मोजण्याची पद्धत, निष्कर्ष, काहीही चालेल. दुसरं, हा विषय स्वतंत्र असावा की प्रत्येक विषयात मुरलेला असावा, याबद्दलही मत द्या.

नाडीपरीक्षा
ॲस्पिरिन घ्या. उदाहरण म्हणून घ्या, गोळी नको!

अमेरिकेत १९८२ मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. २२,०७१ डॉक्टर, एकूण एक पुरुष. निम्म्यांना दिवसाआड ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. १९८९ मध्ये अंतिम निकाल आला: पहिल्या हार्ट अटॅकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी, पक्षाघातात मात्र घट नाही. पुढे ३९,८७६ निरोगी स्त्रियांवर वेगळी चाचणी झाली, तिचा निकाल २००५ मध्ये लागला. तिथे पक्षाघात १७ टक्क्यांनी कमी झाला आणि हार्ट अटॅकमध्ये एकंदर गटात लक्षणीय फरक नव्हता. ६५ च्या पुढच्या बायकांत तो दिसला. म्हणजे चित्र जवळजवळ उलटं.

बायका चाचण्यांत का नव्हत्या, हेही शिकवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यांतल्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं होतं. हेतू जपण्याचा होता. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतल्याने बाळं व्यंग घेऊन जन्मली, ते लोक विसरले नव्हते. पण परिणाम असा, की ज्यांना जपायचं त्यांच्याबद्दलच माहिती नाही. १९९३ मध्ये ते धोरण मागे घेतलं. झोपेच्या झोल्पिडेम या औषधाचं बघा: अमेरिकेत मंजुरी १९९२ ची, आणि बायकांसाठीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम करायला २०१३ उजाडलं. बायकांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त उरतं, गाडी चालवताना धोका होऊ शकतो, हे कारण.

त्रैराशिक
नाडीपरीक्षा, एक शंका. त्या दोन ॲस्पिरिन चाचण्यांत डोस वेगळे होते ना? पुरुषांना ३२५ मिलिग्रॅम, बायकांना १००. मधे दोन दशकंही गेली. मग फरक बाई-पुरुषाचा की डोसाचा, हे कसं ठरवणार?

नाडीपरीक्षा
ठरवता येत नाही. शंका अगदी रास्त आहे. पहिल्याच चाचणीत दोघंही असते, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर १९८९ मध्येच मिळालं असतं. ते मिळालं नाही, हेच मला मुलांना दाखवायचं असतं.

क्वार्क
मी भौतिकशास्त्र शिकवतो. "आमच्या विषयात त्याचं काय" म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. इलेक्ट्रॉनला लिंग नसतं. गणितज्ञ एमी नोएथरना जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात काही वर्षं हिल्बर्ट या सहकाऱ्याच्या नावावर जाहीर केलेल्या तासिका घ्याव्या लागल्या, हा अन्यायच. पण त्यांचं १९१८ चं प्रमेय कुणी पुरुषाने मांडलं असतं तरी तेच असतं. निसर्गनियमांत जिथे सममिती, तिथे काहीतरी अक्षय्य राहतं. शास्त्रज्ञांचा इतिहास वेगळा आणि शास्त्र वेगळं, ही सीमारेषा मला महत्त्वाची वाटते. ती पुसली तर "हे बायकांचं भौतिकशास्त्र, ते पुरुषांचं" अशा वाटेने आपण कुठेतरी भलतीकडे जाऊ.

उंबरठा
क्वार्क, तुमच्या मताचा आदर आहे, पण प्रमेय खरं असणं आणि कुठलं प्रमेय शोधायला कुणाला वेळ, जागा, पगार मिळतो, या दोन गोष्टी तुम्ही फारच सहज वेगळ्या केल्या. जोसेलिन बेल यांनी १९६७ मध्ये कागदाच्या लांबच लांब पट्ट्या डोळ्यांखालून घालताना ती बारीकशी खूण बाजूला काढली नसती, तर पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ-ठोके देणारा तारा, तेव्हा सापडला असता का? १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना गेलं.

क्वार्क
सापडला असता, थोडा उशिरा. विश्व तेच आहे. नोबेलबद्दल दुमत नाही.

नुसताच_वाचक
वाचतोय. खूण म्हणून प्रतिसाद.

रानवाट
काठावरची, तुम्हाला हवी तशी जागा माझ्या विषयात आहे आणि ती तुमच्या संख्याशास्त्राच्या अगदी शेजारी आहे. जरा लांब लिहिते.

माकडांचा अभ्यास करणारी सुरुवातीची मंडळी कशी नोंदी करायची? दुर्बीण घेऊन बसायचं आणि कळपात जे 'घडतंय' ते लिहायचं. आता पन्नास बबूनांच्या कळपात डोळा कुठे जाणार? जिथे दात विचकले जातात, आरडाओरडा होतो, तिथे. म्हणजे मोठ्या नरांकडे. वह्या नरांच्या मारामाऱ्यांनी भरल्या आणि त्यातून सिद्धान्त निघाला, की कळप म्हणजे नरांची उतरंड, माद्या तिच्याभोवती.

जीन ऑल्टमन मूळच्या गणितातल्या. केनियात अंबोसेलीच्या बबूनांवर काम केलेलं. १९७४ मध्ये त्यांनी वर्तनाच्या नोंदींचे नमुने कसे घ्यावेत यावर एक लेख लिहिला. त्यात बायका-पुरुष असा वाद घातलेला नाही, नुसती पद्धत आहे. त्यांचं म्हणणं: लक्ष वेधून घेईल ते लिहू नका. कुणाकडे पाहायचं ते आधी ठरवा, घड्याळ लावा, आणि प्रत्येक प्राण्याला ठरलेला वेळ द्या. त्या वेळात तो नुसता बसून राहिला तर 'बसून आहे' असं लिहा. शेजारी महायुद्ध पेटलं तरी मान वळवायची नाही!

मी पहिल्यांदा असं काम केलं ते वानरांवर. माझ्या वाट्याला एक म्हातारी मादी आली. पहिले तीन दिवस वहीत 'बसली, खाजवलं, बसली, पाला खाल्ला'. मला रडू यायचं, कारण पलीकडे नर उड्या मारत होते आणि माझ्या सोबत्याची वही रंगत होती. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की ही उठते तेव्हा सहा-सात जणी उठतात. झाडावरून कुठल्या दिशेला उतरायचं ते ही ठरवत होती, कुठलाही गाजावाजा न करता. घड्याळ लावलेलं नसतं तर मी तिसऱ्या दिवशीच तिला सोडून दिलं असतं.

तो लेख आज प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारं प्रत्येक जण वाचतं. पद्धत बदलली तेव्हा माद्या दिसल्या: त्यांची आपापसातली उतरंड, मैत्री, आईकडून मुलीकडे जाणारा दर्जा. सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर केलेल्या कामात माद्या नुसत्या नराची वाट पाहणाऱ्या राहिल्या नाहीत, आपल्या पिलांसाठी डावपेच करणाऱ्या झाल्या.

पक्ष्यांचं थोडक्यात: 'गातो तो नर' असं आपण सगळे शिकलो. २०१४ मध्ये जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा ज्यांच्याबद्दल पुरेशी माहिती होती त्यांतल्या ७१ टक्के जातींत मादीही गाते असं निघालं. जुन्या पक्षीनिरीक्षकांचा भर थंड प्रदेशांवर होता आणि तिथे माद्या कमी गातात. पुस्तकं तिथली, नियम जगाला.

काठावरची
रानवाट, तुमच्या त्या म्हातारीने माझा पहिला तास ठरवून टाकला. मनापासून आभार.

शब्दवेल्हाळ
थोडं अवांतर, पण शीर्षकातल्या शब्दाशी निगडित. 'लिंग' हा शब्द मराठीत तीन ओझी वाहतो: शरीराचं, समाजाचं आणि व्याकरणाचं. त्यातलं समाजाचं ओझं वेगळं करायला 'लिंगभाव' हा शब्द घडवला आणि तो चांगला रुळला. बाई म्हणून, पुरुष म्हणून कसं वागायचं, कुठे बसायचं, किती हसायचं याची समाजाने घातलेली घडण म्हणजे लिंगभाव. सिमोन द बोव्हार यांनी १९४९ मध्ये, बाई जन्मत नाही, ती घडत जाते, या अर्थाचं लिहिलं ते यासाठीच. जोन स्कॉट यांनी १९८६ मध्ये इतिहासकारांना बजावलं, की लिंगभाव ही फक्त बायकांची माहिती नव्हे, सत्ता कशी मांडली जाते ते पाहण्याची ती एक रीत आहे.

आता व्याकरण. पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते. खुर्चीत बाईपण काही नाही हे पोरालाही कळतं, तरी भाषा आणि समाज यांची गल्लत करू नका, असं व्याकरण शिकवणारे स्पष्ट सांगत नाहीत. मला वाटतं सांगावं. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हटल्याशिवाय येताच येत नाही! याच धाग्यावर बघा, सगळे टोपणनावांनी लिहितात, पण क्वार्क यांनी 'शिकवतो' म्हटलं आणि रानवाट यांनी 'लिहिते', की आपण चेहरे रंगवून मोकळे. प्रश्नावलीत 'कुटुंबप्रमुख काय काम करतो?' असं छापलं, की उत्तर देणाऱ्याने कुणाकडे बोट दाखवायचं ते क्रियापदानेच ठरवून ठेवलेलं असतं.

उंबरठा
'शिकवतो' वाचून मी खरंच एक पांढऱ्या मिशांचा चेहरा रंगवला होता.

क्वार्क
मिशा नाहीत. :)

जमाखर्च
शब्दवेल्हाळ यांच्या प्रश्नावलीला धरून. मी अर्थशास्त्रातली, आणि उमेदवारीत सर्वेक्षणाचं काम केलेली.

एका घरी दार पुरुषाने उघडलं. "पत्नी काय काम करतात?" "काही नाही, घरीच असते." मी रकान्यात 'काम नाही' वर खूण केली. हे चाललं असताना ती बाई त्याच्या मागून तीनदा गेली. एकदा पाण्याची भरलेली भांडी घेऊन, एकदा आजारी सासूला धरून, तिसऱ्यांदा पोराचं दप्तर शोधत. माझ्या डोळ्यांसमोर. आणि माझं पेन 'काम नाही' वर. ती खूण माझ्या हाताने झाली हे मला अजून टोचतं.

रकाना कुणी ठरवला? राष्ट्रीय उत्पन्न मोजायची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात १९९३ च्या आवृत्तीपासून घरच्यासाठी पाणी आणणं हे उत्पादन धरता येतं. पण स्वयंपाक, साफसफाई, मुलांना-म्हाताऱ्यांना सांभाळणं, हे घरच्यांनी घरच्यांसाठी केलं तर उत्पादनाच्या रेषेबाहेर. तेच काम पगारी बाईने केलं तर रेषेच्या आत. मार्गरेट रीड यांनी १९३४ मध्येच एक साधी कसोटी दिली होती: हे काम पैसे देऊन तिसऱ्या माणसाकडून करून घेता येईल का? येत असेल तर ते काम आहे. तुमच्या ऐवजी कुणी जेवू शकत नाही, म्हणून जेवणं हे काम नाही. स्वयंपाक आहे. मला याहून नेटकी व्याख्या आजवर मिळालेली नाही.

१९८८ मध्ये मॅरिलिन वॉरिंग यांनी राष्ट्रीय हिशेबांवर थेट बोट ठेवलं. २०१३ मध्ये श्रम-सांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'काम' या शब्दाची व्याख्या रुंदावून घरचं बिनपगारी कामही त्यात घेतलं. मग मोजणं आलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ६४ देशांची वेळ-वापराची आकडेवारी आहे: दिवसाला १६.४ अब्ज तास बिनपगारी घरकाम आणि सांभाळणी, त्यातले ७६.२ टक्के बायकांचे. आठ तासांच्या पाळीने धरलं तर दोन अब्ज माणसं रोज बिनपगारी कामावर.

आणि हे फक्त न्यायाचं प्रकरण नाही, सिद्धान्ताचंही आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी अमेरिकेची जुनी दप्तरं उपसली, तेव्हा दिसलं की लग्न झालेल्या बाईच्या व्यवसायापुढे नुसतं 'पत्नी' लिहिलेलं असायचं, मग ती शेतात राबो की दुकानात. ती भर घातल्यावर आलेख पालटला. अर्थव्यवस्था वाढली की बायकांचा कामातला वाटा वाढतच जातो असं धरून चालले होते. प्रत्यक्षात दोनशे वर्षांची रेघ आधी खाली उतरते आणि मग वर चढते, इंग्रजी यू अक्षरासारखी.

त्रैराशिक
+१. वेळ-वापराच्या सर्वेक्षणात एक अडचण मीही पाहिली आहे. एकाच वेळी दोन कामं. कडेवर मूल आणि हाताने दुसरं काहीतरी चालू. एका रकान्यात एकच काम मावतं, मग मूल गळतं. कडेवरचं मूल विचारायला वेगळा प्रश्न ठेवला नाही, तर कुणी आपणहून सांगत नाही.

चारचाकी
वाहनांच्या सुरक्षिततेत काम करतो. आमच्याकडची जागा म्हणजे टक्कर-चाचणीचा पुतळा. वर्षानुवर्षं प्रमाण मानलेला पुतळा सुमारे १७५ सेंमी, ७८ किलोचा, म्हणजे सरासरी पुरुष. 'स्त्री' पुतळा आला तो सुमारे दीड मीटर उंच, ४९ किलोचा. सगळ्यात लहान चणीच्या पाच टक्के बायकांत बसणारा, आणि बांध्याने पुरुषाच्याच पुतळ्यावरून लहान केलेला. मधली बाई गायब. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा, मागून बसणाऱ्या धक्क्याच्या चाचणीसाठीचा पुतळा स्वीडनमध्ये २०२२ मध्ये दाखवला गेला, १६२ सेंमी, ६२ किलो. अमेरिकेतल्या १९९८ ते २००८ च्या अपघातांवरून २०११ मध्ये निष्कर्ष आला होता, की पट्टा लावलेल्या चालक स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त.

आडवळण
चारचाकी, तो ४७ चा आकडा सगळीकडे फिरतो, पण २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने दाखवलं, की बायका सरासरीने लहान, हलक्या गाड्या चालवतात आणि धडक बसलेल्या गाडीत जास्त असतात, हाही त्यातला मोठा भाग आहे. सारख्या धडका ताडून पाहिल्या की फरक बराच कमी होतो. असे आकडे अर्धवट सांगितले, तर पुढच्या वेळी मुलं काहीच खरं मानणार नाहीत.

चारचाकी
मान्य. पायाच्या खालच्या भागाच्या इजा मात्र त्या ताळ्यानंतरही बायकांत बऱ्याच जास्त राहतात, असं त्याच अभ्यासात आहे. आणि लहान गाडी कुणाच्या वाट्याला का येते, तो तास अर्थशास्त्रवाल्यांनी घ्यावा.

उत्खनन
आमच्याकडे, म्हणजे पुरातत्त्वात, स्वीडनमधलं बिर्का हे व्हायकिंग काळातलं गाव. १८७८ मध्ये एक थडगं उघडलं: तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, ढाली, दोन घोडे, पटावरच्या सोंगट्या. नोंद झाली 'योद्धा', म्हणजे पुरुष. हाडं पाहून १९७० च्या दशकात शंका घेतली गेली होती, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१७ मध्ये डीएनए तपासला, तर ती स्त्री निघाली.

मला रस पुढच्या वादात आहे. लगेच प्रश्न सुरू झाले: शस्त्रं खरंच तिची का? हाडांची अदलाबदल झाली नसेल? शस्त्रं पुरली म्हणजे ती लढलीच असं कसं? प्रश्न उत्तम आहेत, पुरातत्त्वात ते विचारायलाच हवेत. पण १३९ वर्षं ती 'तो' होती, तेव्हा यातला एकही प्रश्न एवढ्या जोराने पुढे आला नव्हता. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, प्रत्येक 'योद्ध्या'ला हेच प्रश्न विचारा. त्याने पुरुषांची थडगीसुद्धा आपण जास्त काळजीपूर्वक वाचू लागतो.

रंगछटा
एक चित्र दाखवा. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये स्थापन झाली, संस्थापकांत दोन चित्रकर्त्री होत्या: अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. पुढच्या तीन-चार वर्षांत योहान झोफानी यांनी सदस्यांचं समूहचित्र काढलं. दालनात नग्न पुरुष मॉडेल बसलेला, भोवती सदस्य. बायकांना तिथे मज्जाव, मग या दोघी कुठे? उजवीकडच्या भिंतीवर, चौकटीत टांगलेल्या. सदस्य आहेत, पण तसबिरी म्हणून. काठावरचीने पहिल्या पोस्टमध्ये भिंतीवरच्या तसबिरीचं लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

लिंडा नॉकलिन यांनी १९७१ मध्ये विचारलं, की थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत? त्यांनी विसरलेल्या नावांची यादी देऊन उत्तर दिलं नाही. शिक्षण कसं मिळायचं ते दाखवलं. मोठी चित्रं म्हणजे मानवी देह, देह शिकायला मॉडेल हवं, आणि ती खोली बायकांना बंद. अकादमीत त्या दोघींनंतर पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेली पुढची स्त्री लॉरा नाइट, १९३६ मध्ये.

वादीप्रतिवादी
कायद्याचं उदाहरण छोटं आणि धारदार. अमेरिकेत १९७६ चा एक खटला. पाच कृष्णवर्णीय कामगार स्त्रियांनी एका मोटार कंपनीवर दावा लावला, की आम्हाला फार उशिरा नोकऱ्या दिल्या आणि 'शेवटी आली ती आधी बाहेर' या नियमाने काढलं. न्यायालय म्हणालं: बायकांना कंपनी आधीपासून घेत होती (त्या गोऱ्या होत्या), म्हणजे लिंगावरून भेदभाव नाही. वंशाची तक्रार असेल तर दुसऱ्या खटल्यात सामील व्हा. दोन्ही मिळून वेगळा दावा करता येणार नाही. दोन रकाने होते, आणि ह्या बायका दोन्हींच्या मधल्या रेघेवर उभ्या. किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या खटल्यावरून जी संकल्पना मांडली, तिला आपण आंतरछेदिता म्हणतो. 'बायका' हा एकच गठ्ठा धरला तर त्यात कुणाची बाजू बुडते, तेही तुमच्या बारा तासांत यायला हवं.

पायवाट
मला एक विचारायचंय आणि ते भांडणासाठी नाही. पुरुष कुठे आहेत यात? आत्महत्येचं प्रमाण जगात पुरुषांत बायकांच्या दुपटीहून जास्त आहे. माझा भाऊ गेला. त्याच्या आजारपणात कुणी त्याला 'तुला कसं वाटतंय' विचारलं नाही, मीही नाही. लिंगभाव म्हणजे फक्त बायका असेल, तर त्याची जागा कुठल्या तासात?

नाडीपरीक्षा
पायवाट, वाचून गलबललं. त्याची जागा आहे, आणि पहिल्या काही तासांतच असायला हवी. पुरुषत्व घडतं कसं यावर आर. डब्ल्यू. कॉनेल यांचं मोठं काम आहे. 'रडू नको, सहन कर' हे शिकवलेलं माणूस दवाखान्यात उशिरा येतं, आल्यावर दुःखाऐवजी पाठदुखी किंवा चिडचिड सांगतं. आम्ही डॉक्टरही ते तिथेच सोडतो.

माझ्या शाखेत उलट दिशेचंही उदाहरण आहे. हाडं ठिसूळ होणं हा 'बायकांचा आजार' मानला गेला. पुरुषांची तपासणी कमी होते, खुब्याचं हाड मोडल्यावर मरण्याचं प्रमाण मात्र पुरुषांत जास्त. तुम्हाला वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप टाका.

पायवाट
टाकला. आभार.

उंबरठा
दुसऱ्या प्रश्नाकडे येते, त्यावर कुणी फार बोललं नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला १९७० मध्ये स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून हा वाद आहे. वेगळा विभाग केला की बाकीचे म्हणतात 'तो प्रश्न त्यांचा'. सगळ्यांत मुरवला की कुणाचाच उरत नाही, वेळ कमी पडला की पहिला तोच तास उडतो. माझं मत स्वतंत्र विभागाच्या बाजूने. वरच्या प्रतिसादांतल्या गोष्टी कुणीतरी वर्षानुवर्षं चिकटून काम केलं म्हणून आपल्याला माहीत आहेत.

आडवळण
असहमत. ऑल्टमन यांचा लेख प्राण्यांच्या अभ्यासकांत रुजला तो त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच नियतकालिकात आला म्हणून. बाहेरून आला असता तर 'राजकारण' म्हणून बाजूला सारला असता. गणिताशी भांडता आलं नाही, म्हणून माद्यांना जागा मिळाली.

रानवाट
दोघांचंही थोडं थोडं. लेख आतून आला हे खरं. पण पुढे त्या पद्धतीने माद्यांबद्दल काय विचारायचं, हे सुचायला बाहेरची चर्चा लागली. हर्डींनी ते स्वतः मोकळेपणाने मांडलं आहे.

क्वार्क
आठवडाभर गप्प होतो, कारण एक गोष्ट शोधत होतो.

आमच्या विभागात किरणोत्सर्ग-सुरक्षेचा एक छोटा अभ्यासक्रम मी चालवतो. शरीरात गेलेल्या किरणोत्सारी पदार्थाने अवयवांना किती मात्रा बसते, ते काढायचे जुने तक्ते माझ्या कपाटात आहेत. उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून ते काढले. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशेबासाठी एक 'संदर्भ-पुरुष' ठरवला: वय २० ते ३०, वजन ७० किलो, उंची १७० सेंमी, युरोपीय किंवा उत्तर अमेरिकी राहणीचा. मी वीस वर्षं त्याच्यावरून उदाहरणं सोडवून घेतो आहे आणि तोंडी त्याला 'शरीर' म्हणतो. स्त्रीची वेगळी संदर्भमूल्यं २००२ च्या प्रकाशनात सविस्तर आली. ती माझ्या टिपणांत नव्हती. अणुबाँबमधून वाचलेल्यांच्या दीर्घ अभ्यासात तेवढ्याच मात्रेला घन गाठींच्या कर्करोगाचा तुलनात्मक जादा धोका बायकांत जास्त दिसतो, हे मला माहीत होतं. ते आणि हा तक्ता मी कधी शेजारी ठेवले नव्हते.

इलेक्ट्रॉनबद्दलचं माझं म्हणणं मी सोडत नाही. पण इलेक्ट्रॉन कुणाच्या शरीरात शिरतो, तिथे माझी सीमारेषा चुकीच्या जागी होती.

शब्दवेल्हाळ
क्वार्क, असा प्रतिसाद वाचायला मिळणं हा आनंद आहे.

काठावरची
धागा वर काढते. सत्र सुरू झालं, पहिला तास झाला.

रानवाट यांच्या वहीवरून केला. एका बैठकीचं वीस मिनिटांचं चित्रण दाखवलं, नऊ माणसं. अर्ध्या वर्गाला सांगितलं, काय घडतंय ते लिहा. उरलेल्यांना चिठ्ठ्या काढून नावं दिली, प्रत्येक माणसाकडे ठरलेल्या वेळी दोन-दोन मिनिटं, काहीही झालं तरी मान वळवायची नाही. मग दोन्ही गटांच्या वह्या फळ्यावर उतरवल्या.

पहिल्या गटात तीनच माणसं होती. दोघांची वादावादी आणि अध्यक्ष. दुसऱ्या गटाच्या वहीत एक बाई सापडली, जी वीस मिनिटं इतिवृत्त लिहीत होती, मधे दोनदा कागद शोधून अध्यक्षांपुढे सरकवले, आणि वाद मिटला तो तिने सरकवलेल्या दुसऱ्या कागदावरच्या आकड्याने. पहिल्या गटाने लिहिलं होतं, 'अध्यक्षांनी आकडा दाखवून वाद मिटवला'. दुसऱ्या वहीत आणखी एक जण होता, कोपऱ्यातला तरुण, पूर्ण वेळ मान खाली. पायवाट, त्याच्याबद्दल वर्गात सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं.

एका मुलीने विचारलं, "पण आमच्या गटाकडून वादाची सुरुवातच निसटली, मी तेव्हा कोपऱ्यातल्या मुलाकडे पाहत होते. मग आमची वही बरोबर कशी?" मी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आहे, पुसू दिला नाही. पुढच्या तासाला नमुना-निवड तिथूनच सुरू करते.

दुसऱ्या प्रश्नाचं सध्यापुरतं असं ठरवलंय: तास स्वतंत्र, पण प्रत्येक तासाला त्या त्या विभागातली व्यक्ती वर्गात हवी आणि तिने आपल्या विषयातला एक रकाना, तक्ता किंवा व्याख्या सोबत आणायची. सात जागा भरल्या. भौतिकशास्त्राची अजून मोकळी आहे.

क्वार्क
ती मी घेतो. संदर्भ-पुरुषाचा तक्ता आणतो आणि नवा तक्ताही, मुलांनाच मात्रा काढू दे. फक्त मंगळवार नको, माझी प्रयोगशाळा असते.

काठावरची
गुरुवार, दुपारी दोन. आणि त्या मुलीला मी सांगितलंय, वही घेऊन पहिल्या बाकावर बस.